वीस तुझे, वीस माझे

मुक्काम कुरुंदा,
११ डिसेंबर २०२५

आदरणीय नजमुन्निसा आपा यांस,
मकबूलचा अदबीनं सलाम.

सहा महिने पत्र नाही, याची आधी माफी मागतो. बकरी ईदेनंतर तीनदा लिहायला बसलो होतो (तिन्ही तारखा डायरीत आहेत). पहिल्यांदा माफीच इतकी लांबली की मजकुराला जागा उरली नाही. दुसऱ्यांदा ती आखूड आणि उर्मट वाटली. तिसऱ्यांदा मी माफी मागतोय ती पत्र न लिहिल्याबद्दल की लिहावंसं न वाटल्याबद्दल, हेच ठरेना, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आपण पुन्हा वाचायला लागलात असं कळलं, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. भाईसाहेबांची शुगर आणि त्यांचे पोपट, दोन्ही ताब्यात असावेत. आमची खुशनुमा नांदेडला होस्टेलवर मजेत आहे. तिला आमची आठवण येते का, असं विचारलं तर म्हणाली, तुमी कोणत्या गावात हायत तेच मला म्हाईत नसतं, आठवण धाडू कुठं?

फोन का केला नाही, असं आपण विचाराल. आपा, आमचं सध्याचं घर चौदा फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे, आणि त्यातले पाच फूट मशीननं धरले आहेत. या टोकाला पुटपुटलेलं त्या टोकाला स्पष्ट ऐकू जातं. बाहेर जाऊन फोन करावा तर परत आल्यावर आपली धाकटी बहीण यास्मीन विचारणार, कोणाचा होता? आणि मला खोटं बोलता येत नाही. (हे वाक्य पूर्ण खरं नाही. पुढे खुलासा येईल.) म्हणून पत्र. आपण मराठीच्या शिक्षिका, मी मराठी शाळेत आणि नंतर मराठीच घेऊन बी.ए. झालेला, त्यामुळे उर्दूत लिहायची हिंमत करत नाही. शिवाय पत्र लिहिताना यास्मीनला वाटतं मी डायरी लिहितो आहे, आणि डायरी ती वाचत नाही. एकदा दोन पानं वाचून म्हणाली होती, यात तर रोज तुमचंच चुकलेलं असतं, नवीन काय वाचू?

गाडी आपण अजून पाहिली नाही, म्हणून थोडी ओळख देतो. एका शाळेनं मोडीत काढलेली ही मिनीबस. सीटा काढल्या, मागे कापूस पिंजायची मशीन बसवली, मध्ये एक बाकडं केलं (दिवसा त्यावर गाद्या रचायच्या, रात्री आम्ही झोपायचं), दाराशी गॅसची शेगडी, टपावर पाण्याची टाकी. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव पायी फिरायचे आणि लोकांच्या ओसरीवर झोपायचे. आम्ही आमची ओसरी सोबत घेऊन फिरतो, एवढाच फरक. दिवाळी झाली की हिंगोलीच्या घराला कुलूप लावायचं, आणि थंडी सरेपर्यंत एकेका गावात दोन-तीन दिवस मुक्काम, जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा. मी पिंजतो, यास्मीन टाके घालते. बसच्या पाठीवर 'सावकाश, आत मुले आहेत' ही अक्षरं अजून पुसट दिसतात. पुसायची राहून गेली असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ती वाचून मागच्या गाड्या लांब राहतात, आणि माझ्या पाळीला त्याचा फार आधार असतो.

पाळी म्हणजे काय, ते आता सांगतो. दोन वर्षांपूर्वी यास्मीननं लायसन्स काढलं तेव्हा मी चार रात्री विचार केला. गाडी मीच चालवत राहिलो तर बायकोला लायसन्स मिळूनही गाडी न देणारा नवरा झालो. सगळी तिलाच दिली तर टाकेही तिनं घालायचे, स्वयंपाकही तिनं करायचा, वरून गाडीही तिनंच हाकायची, आणि मी मागे लोळणारा नवरा झालो. दोन्ही नवरे मला पसंत पडले नाहीत. तेव्हा नियम केला: वीस किलोमीटर तू, वीस मी. मीटरचा आकडा पाहून, बराबर. जो चालवत नाही त्यानं मागे पडदा ओढून आराम करायचा आणि एक शब्दही सूचना करायची नाही. (हे शेवटचं कलम मी माझ्यासाठी घातलं. शेजारून कोणी "ट्रक येऊन राहिला" म्हटलं की मी ट्रककडे न बघता सांगणाऱ्याकडे बघतो.) यास्मीननं नियम ऐकून घेतला, बरं म्हणाली, आणि काम करत राहिली. तिच्या 'बरं'चे किती अर्थ होतात हे आपल्याला माहीतच आहे. मी त्यातला सगळ्यात सोपा घेतला.

आता जे इतर कोणाला लिहिलं नसतं ते लिहितो. आपा, मला गाडी चालवण्याची भीती वाटते. भरपूर वाटते. स्टिअरिंगला बसलो की पाय हलायला लागतात, समोरून उसाचा ट्रॅक्टर दिसला की तोंड कोरडं पडतं, आणि वीस किलोमीटर संपेपर्यंत मी रस्त्यापेक्षा आकड्याकडे जास्त बघतो. पण ही भीती सांगायची कशी? सांगितली की सगळं ओझं यास्मीनवर पडणार, आणि तिला नाही म्हणता येणार नाही. म्हणजे भीतीच्या नावाखाली मी आळसच केला, असं होणार नाही का? या प्रश्नावर माझ्या डायरीची बरीच पानं खर्ची पडली आहेत, उत्तर एकाही पानावर नाही.

नियमाची पहिली परीक्षा जवळा बाजारला झाली. आठवडी बाजाराचा दिवस, दोन्ही बाजूंनी सोयाबीनचे ट्रॅक्टर, मध्ये कापसाच्या गाड्या, आणि भाजीच्या पालांच्या बरोब्बर मधोमध माझे वीस पूर्ण झाले. दोनशे मीटर पुढे जाऊन थांबायला काय हरकत होती, असं आता कोणीही म्हणेल. पण ते दोनशे मीटर यास्मीनच्या हक्काचे होते, ते मी कसे खायचे? (आणि त्या गर्दीत एक मीटरही पुढे जायची माझी छाती नव्हती. दोन्ही कारणं खरी आहेत. कोणतं मोठं, ते लिहीत नाही.) मी गाडी थांबवली, उतरलो, समोरून वळसा घालून गेलो, यास्मीन मागच्या दारानं उतरून पुढे आली. दोघं बॉनेटपाशी समोरासमोर आलो, आणि किल्ली मी तिच्याकडे दिली. मागे हॉर्न वाजत होते. बघणाऱ्यांना एवढंच दिसलं की नवऱ्यानं भर रस्त्यात गाडी थांबवली, किल्ली बायकोपुढे केली आणि निघाला.

वांगी विकणाऱ्या एक रूपाबाई पदर खोचून उठल्या आणि माझा दंड धरला. "काहून भांडता हो रस्त्यात? लेकरू केवढं हाय?" मी म्हटलं, मावशी, भांडण नाही, पाळी बदलतोय. त्यांनी ते ऐकलंच नाही. हमालांचे मुकादम अमृतराव आले, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाईमाणूस तापट असलं तर गड्यानं पाणी व्हावं. यास्मीन तापट नाही, असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "व्हय, सगळे असंच म्हंतेत." आम्हाला पोत्यांवर शेजारी शेजारी बसवलं, चहा पाजला. रूपाबाईंनी यास्मीनला पाव किलो वांगी दिली, आणि पुन्हा असं सोडून निघाला तर इकडं ये म्हणून सांगितलं. यास्मीननं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं तिला अपमान वाटला. गाडीत बसल्यावर दिसलं की हसू दाबून तिचे खांदे हलत होते. मग तिनं त्या गर्दीतून गाडी अशी काढली, की ट्रॅक्टरवाले मान वळवून बघत राहिले. मी मागे पडद्याआड होतो, पण गिअर पडतानाचा आवाज ऐकत होतो. खटका नाही, घासाघीस नाही. पिठात चमचा फिरावा तसा.

आता खरा प्रकार. अकरा दिवसांपूर्वीचा.

सिद्धेश्वरच्या धरणाजवळ तांड्यावर आमचा तीन दिवस मुक्काम होता. आमच्या धंद्यात अब्बांपासून चालत आलेली एक रीत आहे, आपल्याला ठाऊक असेलच: जुन्या गादीत, उशीत जे सापडेल, ते गाव सोडण्याआधी मालकाच्या स्वतःच्या हाती द्यायचं. शेजाऱ्याकडे ठेवायचं नाही, पुढच्या फेरीला देऊ म्हणायचं नाही. कापसातून काय काय निघतं, सांगून खरं वाटणार नाही. कवळीचा दात, लग्नाची पत्रिका, औषधाच्या गोळ्या (घेतल्या म्हणून सांगितलेल्या). त्या सकाळी सगळं आवरून मी स्टिअरिंगला बसलो होतो, आणि मागे झाडताना यास्मीनला तांड्यावरच्या नानीबाईच्या उशीतल्या कचऱ्यात चांदीचं जोडवं सापडलं. ती मागच्या दारानं उतरून तांड्याकडे गेली. मला सांगून गेली नाही, कारण ओसरीएवढ्या अंतरावर तर जायचं होतं. आणि सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. माझ्या पाळीआधी मी आरसा पुसतो, हँडब्रेक दोनदा बघतो, बिस्मिल्ला म्हणतो, पुन्हा आरसा बघतो. त्या वेळात धरण फुटलं तरी मला कळायचं नाही.

निघण्याआधी पडदा सारून पाहिलं होतं, हे कृपया लक्षात घ्यावं. बाकड्यावर तिची हिरवी रजई, आणि रजईखाली आकार. तो आकार जवळा बाजारच्या एका गिऱ्हाइकाच्या गादीचा होता, गुंडाळी करून ठेवलेली. नव्या खोळीवर धूळ बसू नये म्हणून यास्मीननं आपली रजई तिच्यावर टाकली होती. चोवीस वर्षांच्या संसारानंतर मला गादी आणि बायको यांतला फरक कळला नाही, हे मी कबूल करतो. पण गादी मीच भरली होती, आणि चांगली भरली होती.

रस्ता मोकळा होता. कालव्याचं पाणी, हरभऱ्याची शेतं, समोरून कोणी नाही. पाच-सहा किलोमीटर झाल्यावर, का कोण जाणे, मी बोलायला लागलो. पडद्याकडे न बघता, मोठ्यानं. म्हटलं, यास्मीन, जागी असलीस तर ऐक, झोपली असलीस तर अजून बरं. आणि सगळं सांगून टाकलं. पाय हलतात ते. ट्रॅक्टर दिसला की तोंड कोरडं पडतं ते. दोन वर्षं लाजेखातर निम्मी गाडी चालवतो आहे ते. मागून काही उत्तर आलं नाही. आधी वाटलं रागावली. मग वाटलं, रागावली असती तर कूस तरी बदलली असती. दहाव्या किलोमीटरला ती शांतता मला माफीसारखी वाटायला लागली, तेव्हा धीर येऊन मी पुढचंही बोललो: की तू चालवतेस तेव्हा मी झोपत नाही, तुझे गिअर ऐकत पडलेला असतो. की जवळा बाजारच्या गर्दीत तू गाडी काढलीस त्या दिवशी मला तू नव्यानं आवडलीस, आणि ते सांगायला हवं होतं, पण नियमानुसार मी पडद्यामागे होतो. आपा, इतकं सलग मी निकाहच्या वेळीसुद्धा बोललो नव्हतो. इतकं मन लावून कोणी माझं ऐकलंही नव्हतं.

विसावा किलोमीटर संपला, मी गाडी बाभळीखाली घेतली, हलक्या मनानं पडदा सारला आणि रजई उचलली.

गादीवर निळी फुलं होती.

तिचा मोबाईल शेगडीपाशी चार्जिंगला लावलेला. म्हणजे तिलाही माझ्याशी बोलता येत नव्हतं. मी परत फिरायला गाडी वळवली खरी, पण अरुंद रस्त्यात ती निम्मी वळली आणि तिथंच बसली, पुढचं चाक चरात, मागचं डांबरावर. तेवढ्यात लांबून एक पिकअप धुरळा उडवत आली आणि अगदी हातभर अंतरावर थांबली. स्टिअरिंगला यास्मीन. शेजारी गाडीचा मालक, नानीबाईचा मुलगा देवला, दोन्ही हातांनी वरची दांडी धरून. मागे माशांची खोकी.

"भाबीनं स्टिअरिंग मागितलं, म्या दिलं," देवला उतरता उतरता म्हणाला. "म्हटलं, गडी हरपलेल्या बाईला काय न्हाई म्हणावं. पर अशी पळवली, मला वाटलं मासे पुन्हा जित्ते होतेत."

उशीर का झाला, तेही त्यानंच सांगितलं. ते जोडवं तीस वर्षांपूर्वी हरवलेलं. नानीबाई तीस वर्षं धाकट्या जावेवर संशय धरून होती. यास्मीननं ते तिच्या हाती दिलं तेव्हा जाऊ तिथंच ज्वारी पाखडत बसलेली. मग नानीबाई रडली, जाऊ रुसली, मग जाऊ रडली, आणि परक्या माणसानं मध्ये बसल्याशिवाय दोघी एकमेकींकडे बघेनात. यास्मीन चहा घेऊन बाहेर आली, तर घर निघून गेलेलं. "तुमचं घर नेहमी असंच जातं का न सांगता?" असं देवलानं मला विचारलं. मी म्हटलं, पहिल्यांदाच.

यास्मीन रागावली नव्हती. तिनं आमची बस दोन हिसक्यांत चरातून काढली. ओढणी मानेवर गेलेली, केस वाऱ्यानं विस्कटलेले, आणि चेहरा असा, की मी तसा खुशनुमाच्या जन्मानंतर पाहिला नव्हता. मग तिनं विचारलं, "मी मागं न्हाई हे वीस किलोमीटर समजलंच न्हाई? काही बोललात तरी असाल की."

आणि आपा, मी म्हणालो, नाही, विशेष काही नाही.

हा तो खुलासा. अकरा दिवस झाले. जे सांगितलं ते गादीनं ऐकलं, आणि गादी गिऱ्हाइकाकडे गेली. पुन्हा सांगायला तोंड उघडतो आणि बंद करतो. त्यात तो चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. तो आनंद गाडी चालवण्याचा होता, की मी सापडल्याचा, की नुसता वारा होता? गाडी चालवण्याचा असेल तर दोन वर्षं मी तिचा निम्मा आनंद न्यायाच्या नावाखाली खातो आहे. नुसता वारा असेल, आणि मी सगळी गाडी तिच्यावर टाकली, तर तेही पापच. डायरीत दोन रकाने केले आहेत. दोन्ही भरले, काही ठरलं नाही.

असो. थंडी चांगली पडली आहे, कुरुंद्यात हळदीचं रान पिवळं पडायला लागलं आहे, कामही बरं आहे. भाईसाहेबांना सलाम. पत्रातल्या चुका लाल शाईनं न दाखवता पोटात घालाव्यात.

आपला,
मकबूल

ता. क. एक विनंती राहिली. (राहिली नाही, तिच्यासाठीच एवढं लिहिलं.) येत्या एकोणीस तारखेला शुक्रवार आहे. दुपारी एक ते दोन मी जुम्म्याच्या नमाजला असेन, यास्मीन गाडीत एकटी असेल. तेव्हा आपण फोन करावा, आणि दुसरं काहीतरी बोलता बोलता विचारावं की तिला गाडी सगळी चालवायला आवडेल का, की निम्मी तरी नवऱ्यानं घेतली हे बरं वाटतं. माझं नाव काढू नये. आपल्याशी ती खोटं बोलत नाही. जे सांगेल ते मला पत्रानं कळवावं, मी तसं वागेन.

ता. क. दुसरा. आपल्याला नेमकी माहिती असावी म्हणून दोन वर्षांची डायरी काढून कोणाचे वीस कुठे पडले याची यादी करायला बसलो होतो. निम्म्यातच पेन ठेवला. आपा, जवळा बाजारच्या त्या दिवसानंतर माझ्या वाट्याला एकही बाजार आलेला नाही. एकही हमरस्ता नाही. कालव्याकडची वाट, शेतातली सडक, तांड्याचा रस्ता, हे सगळे माझे. पूल, घाट, ट्रकांची रांग, उसाचे दिवस, सगळे तिचे. वीस-वीसचा नियम एकदाही मोडलेला नाही. पण कोणत्या गावाहून कोणत्या गावाला कधी जायचं, हे फोनवर गिऱ्हाइकांशी यास्मीन ठरवते. ती बाहेर ऊन घेत रजईला टाके घालत बसली होती. मी जाऊन एवढंच विचारलं, तू गावांचा क्रम कशावरून लावतेस? ती मान वर न करता म्हणाली, "तुमचे पाय बघून."

मग मी बाकीचं सांगितलं. सिद्धेश्वरच्या रस्त्यावर बोललो होतो त्याच्या चौथाईसुद्धा जमलं नाही, पण मुद्द्याचं सुटलं नाही. तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, "मला वाटलं, पाय हलले तरी तुमाला शौक हाय. म्हणून निम्मी सोडली, न्हाईतर कोण सोडतं?" मी म्हटलं, आणि ओझं? ती म्हणाली, "ओझं ते न्हाई. तुमी पुढं, मी मागं पडद्यात, न्हाईतर मी पुढं आन् तुमी पडद्यात. दोन वर्षं झाली, एका गाडीत राहून आपण एक रस्ता संगं पाह्यला न्हाई."

हे माझ्या दोन्ही रकान्यांत नव्हतं.

ता. क. तिसरा. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. पत्र टाकूच नये असं मनात आलं होतं, पण यास्मीन म्हणाली टाका, आपाला वाचायला काहीतरी हवं. (डायरी ती वाचत नाही, पण पत्र आहे हे तिला पहिल्या ओळीपासून कळलं होतं म्हणे. अक्षर एवढं मोठं मी स्वतःसाठी काढत नाही.) एकोणीसला फोन जरूर करावा, फक्त एक ते दोन ही वेळ पाळायची गरज नाही. ती चालवत असली तर मी उचलेन.

ड्रायव्हरशेजारी एक सीट आहे. नियम केल्यापासून तिथं कुणी बसत नव्हतं, म्हणून तिच्यावर कापसाचं पोतं ठेवत आलो. डायरीत आज बाकी काही लिहिलं नाही, एवढंच:

उद्या: निघण्याआधी पुढच्या सीटवरचं पोतं मागे टाकणे.